दुकानात चालतो, घरी अडतो: बाहेरची हार्डडिस्क लावल्यावर कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर

खानापूरचा एक स्टुडिओवाला मुलगा आपलं कॅबिनेट चादरीत गुंडाळून बसने बेळगावला माझ्याकडे घेऊन आला. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचं रात्रभर केलेलं शूटिंग मिक्सिंग करून मंडळाला द्यायचं होतं आणि मशीन कंपनीच्या लोगोवरच अडकून बसलं होतं. मी पॉवर केबल आणि मॉनिटर लावून बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात विंडोज समोर. त्याचा विश्वास बसेना. "दादा, घरात काल रात्रभर होईना झालंय की ओ," म्हणाला. दोनदा बंद-चालू करून दाखवलं, तो घेऊन गेला. संध्याकाळी फोन आला, परत तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा बस, पुन्हा माझ्याकडे व्यवस्थित चालू. तिसऱ्या वेळी मी त्याला येऊ दिलं नाही. फोनवरच विचारलं, "मशीनला मागं काय काय लावतोस, एकेक सांग." की-बोर्ड, माउस, प्रिंटर आणि चार टीबीची हार्डडिस्क. सगळं शूटिंग त्या डिस्कमध्ये होतं, म्हणून प्रवासात हरवायला नको असं म्हणून ती तो दर वेळी घरीच ठेवून येत होता. "ती काढ आणि बटण दाब." मशीन सुरू झालं.

मधल्या दोन दिवसांत त्याला कुणीतरी 'फॉरमॅट मारावा लागेल' असं सांगून ठेवलं होतं. तो मारणारही होता. हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात झेरॉक्स सेंटर, ऑनलाइन सेंटर, डीटीपीवाले, स्टुडिओ, अडत दुकानं यांचं सगळं काम एका मशीनवर आणि एक-दोन बाहेरच्या डिस्कांवर चालतं. एकाच मशीनवर सकाळी कन्नड अर्ज भरले जातात आणि दुपारी मराठी लग्नपत्रिका लावली जाते. दोन्ही भाषांचे फॉन्ट, जुने मजकूर, गिऱ्हाइकांच्या फाइली त्यातच. मशीन अडलं की गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि माणूस घाईत फॉरमॅटला 'हो' म्हणून टाकतो. बाहेरच्या डिस्कमुळे मशीन अडलं असेल तर फॉरमॅट करून काहीही सुधारत नाही. सगळं पुसून नवं विंडोज टाकलं तरी डिस्क लावली की मशीन परत त्याच जागी थांबणार.

बटण दाबल्यावर काय होतं

हे दोन मिनिटं समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत.

बटण दाबल्याबरोबर विंडोज जागं होत नाही. आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्रॅम चालतो. सगळे त्याला बायोस म्हणतात. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या मशीनवर त्याच्या जागी यूईएफआय असतो, पण बोलताना आपण बायोसच म्हणतो. हा प्रोग्रॅम रॅम, की-बोर्ड, डिस्क जागेवर आहेत का बघतो. मग त्याच्याकडे एक यादी असते, ती घेऊन एकेका डिस्ककडे जातो आणि मशीन सुरू करण्याजोगं काही तिच्यात आहे का ते शोधतो. या यादीला बूट ऑर्डर म्हणतात. यादीत यूएसबी वर असेल तर तो आधी तुमच्या पेनड्राइव्हकडे जाणार, आतल्या डिस्कचा नंबर नंतर.

जुन्या पद्धतीच्या बायोसची तपासणी अगदीच वरवरची असते. डिस्कच्या सुरुवातीचा ५१२ बाइटचा तुकडा वाचायचा, त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ आणि एए ही खूण आहे का बघायची, आणि खूण दिसली की त्या तुकड्यात जे काही लिहिलंय ते चालवायचं. ही पद्धत १९८३ मध्ये पीसी डॉस २.० आलं तेव्हापासूनची. आता गंमत नव्हे, खरी अडचण इथे आहे: तीच खूण नुसते फोटो आणि गाणी भरलेल्या डिस्कवरही असते. बायोस तिला सुरू करण्याची डिस्क समजतो, तिच्यात शिरतो, पुढे काहीच सापडत नाही आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत बसते. मशीन तासभर तसंच राहिलं तरी पुढे जाणार नाही.

यूईएफआय जरा शहाणा आहे. तो ठरलेल्या फोल्डरात ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. पण तुम्ही कधीतरी विंडोज टाकायला बनवलेला पेनड्राइव्ह तसाच मागे लावून ठेवला असेल, तर त्यात ती फाइल असतेच. मग मशीन रोज सकाळी तुम्हाला विंडोज नव्याने टाकायचं का असं विचारत उभं राहतं. अशा पडद्यावर नेक्स्ट, नेक्स्ट करत जाऊ नका. पेनड्राइव्ह काढा.

पायरी पहिली: सगळं काढा

मशीन अडकलं असेल तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बंद होईल. डेस्कटॉप असेल तर मागची पॉवर केबल काढा, लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. आता की-बोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून बाकी सगळं काढा. अर्धा मिनिट थांबा, पॉवर लावा, बटण दाबा.

'सगळं' म्हणजे खरोखर सगळं. हार्डडिस्क सगळ्यांच्या लक्षात येते, पण मी माझ्या टेबलावर ज्या वस्तू पकडल्या आहेत त्या सांगतो. इंटरनेटचा डोंगल: यातले बरेच डोंगल मशीनला आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, कारण त्यांचं सॉफ्टवेअर त्यातच भरलेलं असतं, आणि बायोस त्या 'सीडी'वरून सुरू व्हायला बघतो. टॅक्सचं काम करणाऱ्यांकडचं डिजिटल सिग्नेचरचं टोकन, काही टोकनं याच पद्धतीची असतात. कार्ड रीडर, आत कार्ड असलेला. मेमरी कार्डची फट असलेला प्रिंटर. चार्जिंगला लावलेला मोबाइल. लॅपटॉपच्या कडेच्या फटीत महिनोन् महिने राहिलेलं कॅमेऱ्याचं कार्ड. आणि जुन्या मशीनच्या सीडी ड्राइव्हमध्ये विसरलेली लग्नाची सीडी.

माझा एक कन्नड मित्र दुरुस्तीचं काम करतो. कुणाचाही फोन आला की नमस्काराआधी त्याचं वाक्य ठरलेलं: "मोदल पेनड्राइव्ह तेगीरी." आधी पेनड्राइव्ह काढा. निम्मे फोन तिथेच संपतात.

सगळं काढल्यावर मशीन सुरू झालं, तर तुमचं विंडोज ठीक आहे, आतली डिस्क ठीक आहे. कुणी फॉरमॅट म्हणालं तर ऐकू नका. पुढच्या पायरीवर या. सगळं काढूनही सुरू झालं नाही, तर दोष बहुतेक दुसरीकडे आहे: रॅम, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) किंवा आतली डिस्क. त्यासाठी दुकानात न्यावं लागेल. याला एकच अपवाद आहे, तो शेवटी सांगतो.

पायरी दुसरी: आधी कॉपी, मग शोध

विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर, डेस्कटॉप दिसायला लागल्यावर, ती हार्डडिस्क लावा. उघडते का बघा. उघडली तर तिथेच थांबून तिच्यातलं जे दुसरीकडे कुठे नाही ते आतल्या डिस्कवर किंवा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. मशीन का अडत होतं हे शोधण्याआधी हे करा. जी डिस्क मशीनला अडवते ती कधी कधी स्वतःच शेवटच्या दिवसांत असते.

डिस्क लावल्यावर विंडोजने 'यू नीड टू फॉरमॅट द डिस्क' असं विचारलं तर कॅन्सल दाबा. डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर 'इनिशियलाइज डिस्क' विचारलं तरी कॅन्सल. पुण्या-मुंबईच्या एडिटरकडून आलेली डिस्क बरेचदा मॅकवर फॉरमॅट केलेली असते. विंडोजला ती वाचता येत नाही आणि ते सरळ फॉरमॅट करू का विचारतं. डेटा आत जसाच्या तसा असतो. ओके दाबलं की मात्र पंचाईत.

डिस्क लावल्यावर आतून ठरावीक अंतराने खट्, खट् असा आवाज येत असेल, तर ती लगेच काढा आणि परत लावू नका. आत चकतीवरून फिरणारा काटा जागा शोधत धडपडत असतो आणि प्रत्येक वेळी चकतीवर ओरखडे पडायची भीती असते. अशा डिस्कवरचं शूटिंग महत्त्वाचं असेल तर ती डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडेच न्या, गल्लीतल्या कुणाला उघडायला देऊ नका.

कॉपी झाली असेल तर आता शोध. मशीन बंद करा, फक्त हार्डडिस्क लावा, सुरू करा. झालं सुरू? मग पेनड्राइव्ह लावून. मग डोंगल. एका वेळी एकच वस्तू. दोन वस्तू एकदम लावल्या तर कोणी अडवलं ते कळणार नाही. गुन्हेगार सापडला की त्याची केबल बदलून बघा आणि पोर्ट बदलून बघा. केबल बदलल्याने काम झालं अशी कितीतरी उदाहरणं मला माहीत आहेत, आणि ती केबल डिस्कच्या मानाने फार स्वस्त असते.

पायरी तिसरी: पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा

मोबाइलवर पडद्याचा फोटो काढा. 'काहीतरी इंग्लिशमध्ये आलं होतं' एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं, म्हणजे बायोसने यादीतल्या डिस्का बघितल्या आणि त्याला सुरू करण्याजोगं काही मिळालं नाही. बाहेरची डिस्क लावलेली असतानाच हे येत असेल तर बूट ऑर्डर बघा. डिस्क काढूनही येत असेल तर बहुतेक आतली डिस्कच दिसत नाहीये.

'बूटएमजीआर इज मिसिंग' हा निरोप घाबरवणारा आहे, कारण विंडोजच गेलं असं वाटतं. पण विंडोज व्हिस्टापासून पुढच्या विंडोजवर फॉरमॅट केलेली कुठलीही साधी डेटाची डिस्क हाच निरोप देऊ शकते. बायोस चुकीच्या डिस्कवर गेला आणि त्या डिस्कने सांगितलं, माझ्याकडे विंडोज नाही. 'एनटीएलडीआर इज मिसिंग' हे त्याचंच एक्सपीच्या काळातलं रूप. ज्यांचे पेनड्राइव्ह फार जुने आहेत त्यांना अजून दिसतं.

'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' आणि पुढे एक अक्षर, बाजूला टक्का हळूहळू सरकतोय: हा बिघाड नाही, यावर पुढे लिहिलंय.

आणि काहीच लिहिलेलं नाही, फक्त कंपनीचा लोगो, खाली गोल फिरणारे ठिपकेसुद्धा नाहीत. खानापूरच्या त्या मुलाचं हेच होतं. ठिपके फिरत असतील तर गाडी विंडोजपर्यंत पोचली आहे. ठिपके नसतील तर बायोसच डिस्कशी बोलताना अडकला आहे. या एका फरकावरून मी फोनवरून निम्मं काम करतो, म्हणून तो लक्षात ठेवा.

पायरी चौथी: बूट ऑर्डर नीट लावा

बायोसमध्ये जाण्याआधी लॅपटॉपवाल्यांनी एक गोष्ट बघून घ्या. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. याला बिटलॉकर म्हणतात, होम आवृत्तीत डिव्हाइस एन्क्रिप्शन. बायोसमध्ये काही सेटिंग बदललं की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती की लॅपटॉप घेताना ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केला त्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. आपल्याकडे लॅपटॉप विकत घेताना दुकानातला मुलगाच एखादा ईमेल काढून सगळं सुरू करून देतो, आणि तो ईमेल कोणता होता हे वर्षभराने कुणालाच आठवत नाही. म्हणून बायोसला हात लावण्याआधी त्या अकाउंटमध्ये शिरून की सापडते का बघा आणि वहीत लिहून ठेवा. की नाही मिळाली तर लॅपटॉपमधला डेटा आधी बाहेर कॉपी करा आणि मगच पुढे जा.

आता बायोस. बटण दाबल्याबरोबर एक की भराभर दाबत राहायचं. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर बहुधा डिलीट, डेल आणि एसरवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर एफ१ किंवा एफ२. मॉडेलप्रमाणे फरक पडतो. पहिल्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बरेचदा लिहिलेलं असतं. वायरलेस की-बोर्ड इथे काही वेळा चालत नाही, साधा वायरचा की-बोर्ड कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. मशीन इतकं झटपट पुढे जात असेल की की दाबायला वेळच मिळत नाही, तर विंडोजमधूनच जा: शिफ्ट दाबून धरा आणि रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

आत 'बूट' नावाचं पान शोधा. यादीत सगळ्यात वर 'विंडोज बूट मॅनेजर' आणा, किंवा ते दिसत नसेल तर आतल्या एसएसडीचं नाव. यूएसबी, सीडी, नेटवर्क हे खाली. जुन्या बायोसमध्ये एक खुबी आहे: 'हार्ड डिस्क' हा एकच गट यादीत असतो आणि बाहेरची यूएसबी डिस्कही त्याच गटात धरली जाते. मग वरच्या यादीत हार्डडिस्क पहिली असूनही मशीन बाहेरच्या डिस्ककडे जातं. 'हार्ड डिस्क ड्राइव्ह प्रायॉरिटी' असं आणखी एक पान असेल, तिथे जाऊन आतली डिस्क वर आणावी लागते. हे पान बहुतेक जण बघत नाहीत आणि 'ऑर्डर तर बरोबर आहे' म्हणत बसतात.

झालं की एफ१० दाबून सेव्ह करा.

एवढं करूनही डिस्क लावल्यावर लोगोवर अडकत असेल, तर बायोसमध्ये 'यूएसबी बूट' बंद करण्याची सोय आहे का बघा. खानापूरच्या मशीनचा तिढा यानेच सुटला. त्याचा बोर्ड जुना होता आणि चार टीबीची डिस्क तपासताना त्याचा बायोस जागीच थिजत होता. यादीत डिस्क खाली नेऊनही उपयोग झाला नाही, कारण यादीची वेळ येण्याआधीच तो अडकत होता. डिस्कचे भाग नोंदवून ठेवण्याच्या जुन्या रचनेची, एमबीआरची, हद्दच दोन टीबीच्या आसपास आहे. त्या काळात लिहिलेले काही बायोस त्याहून मोठी डिस्क समोर आली की गडबडतात. फक्त एक काळजी घ्या: 'लेगसी यूएसबी सपोर्ट' हे वेगळं सेटिंग आहे. ते बंद केलं तर काही मशीनवर पुढच्या वेळी बायोसमध्ये की-बोर्डच चालत नाही आणि बंद केलेलं परत चालू करता येत नाही. त्याला हात लावू नका.

नवं बायोस टाकल्यानेही कधी कधी हा दोष जातो, कंपनीच्या साइटवर मिळतं. पण टाकताना मध्येच लाइट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर, त्यातून जांबोटी-कणकुंबीकडे, लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएस नसेल तर हे काम पावसाळा संपल्यावर करा.

पायरी पाचवी: डिस्कला वीज पुरते का

मोठी, ३.५ इंची डिस्क स्वतःच्या ॲडॅप्टरवर चालते. खिशात मावणारी २.५ इंची डिस्क मशीनच्या यूएसबीतूनच वीज घेते. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीॲम्पिअर द्यायला बांधलेला असतो, यूएसबी ३ चा ९००. चकती फिरायला सुरुवात होते त्या क्षणी डिस्कला एरवीपेक्षा जास्त वीज लागते, आणि नेमका तोच क्षण मशीन सुरू होण्याचा असतो. वीज कमी पडली की डिस्क फिरायला लागते, थांबते, परत फिरते. बायोस तिच्या उत्तराची वाट बघत बसतो.

कॅबिनेटच्या पुढचे पोर्ट मदरबोर्डला बारीक वायरने जोडलेले असतात, त्यांत वीज आणखी घटते. म्हणून डिस्क मागच्या पोर्टला लावा, जमलं तर निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या. लांबवणारी केबल मध्ये घालू नका. चार-पाच वस्तू एका बिनॲडॅप्टरच्या हबला लावून तो हब एका पोर्टला लावणं म्हणजे सगळ्यांना उपाशी ठेवणं. हब हवाच असेल तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला घ्या. त्यातही स्वस्तातले काही हब उलटी वीज मदरबोर्डकडे सोडतात. मशीनची पॉवर केबल काढल्यावरही बोर्डवरची लाइट लागलेलीच राहिली तर तो हब काढून टाका, मशीन सुरू न होण्याचं कारण तोच असू शकतो.

ॲडॅप्टरवाल्या मोठ्या डिस्कला सोपा उपाय आहे. तिचा ॲडॅप्टर बटण असलेल्या बोर्डावर लावा आणि विंडोज सुरू झाल्यावर ते बटण दाबा.

पायरी सहावी: लोगो जातो, पण विंडोज तिथेच फिरत बसतं

ठिपके फिरतायत आणि पुढे सरकत नाही, किंवा तो 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग' वाला निरोप. बाहेरची डिस्क न सांगता ओढून काढली, किंवा लाइट गेली आणि ती चालू असतानाच बंद पडली, की विंडोज त्या डिस्कवर 'तपासायची आहे' अशी खूण करून ठेवतं. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना ती तपासणी चालते. दोन-चार टीबीची भरलेली डिस्क असेल तर याला तास लागू शकतात. लोकांना वाटतं मशीन लटकलं, ते बटण दाबून बंद करतात, आणि दुरुस्ती अर्धवट राहते. निरोप येताच काही सेकंद कुठलीही की दाबून तपासणी टाळता येते. आधीच सुरू झाली असेल आणि टक्का सरकत असेल तर चालू द्या. नंतर त्या डिस्कवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं करून सावकाश तपासा. खट्-खट् वाजणाऱ्या डिस्कवर मात्र हे अजिबात करू नका.

फास्ट स्टार्टअपचंही बघा. विंडोज ८ पासून शट डाउन केल्यावर मशीन पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा जसाच्या तसा डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलला जातो. रात्री डिस्क लावलेली होती आणि सकाळी नाही, किंवा उलट, तर कधी कधी गोंधळ होतो. 'रीस्टार्ट केलं की सुरू होतं, शट डाउन केलं की अडतं' अशी तक्रार असेल तर जवळजवळ नक्की हेच. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे 'चेंज सेटिंग्ज' वर क्लिक करून 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा. मशीन सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील, लागू द्या.

मोठं विंडोज अपडेट सुरू करण्याआधीही बाहेरच्या डिस्का काढून ठेवा. २०१९ च्या मे महिन्यात आलेलं विंडोज १० चं अपडेट बाहेरची यूएसबी डिस्क किंवा एसडी कार्ड लावलेल्या मशीनवर मायक्रोसॉफ्टनेच रोखून धरलं होतं, कारण त्या मशीनवर ड्राइव्हची अक्षरं बदलण्याचा धोका होता.

उबुंटू वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्का जोडायच्या त्याची यादी) बाहेरच्या डिस्कची ओळ घातली असेल आणि ती डिस्क लावलेली नसेल, तर मशीन दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जातं. त्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घाला.

नीट लावलेली ऑर्डर परत परत बिघडत असेल

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर२०३२, तीन व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज त्याच्यावर टिकून असतात. तो संपला की लाइट गेल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षावर जाते, आणि बोर्ड जुना असेल तर बूट ऑर्डरही कंपनीतून आली तशी होते, बरेचदा यूएसबी वर. म्हणून 'पावसाळ्यातच हा त्रास होतो' असं जे सांगतात त्यांचं मशीन मी आधी या सेलसाठी उघडतो. घड्याळाच्या दुकानातही हा सेल मिळतो. मशीनची पॉवर केबल काढून बसवायचा, मग ऑर्डर एकदाच लावायची.

तो अपवाद: डिस्क काढली की मशीन बंद

क्वचित उलटं होतं. बाहेरची डिस्क लावलेली असली तरच मशीन सुरू होतं, काढली की 'ग्रब रेस्क्यू' किंवा 'नो बूटेबल डिव्हाइस'. लिनक्स टाकताना बाहेरची डिस्क लावलेली राहिली आणि सुरू करणारा भाग आतल्या डिस्कऐवजी तिच्यावर जाऊन बसला, की असं होतं. सगळं काढल्यावरही मशीन सुरू झालं नाही, तर डिस्का एकेक करून परत लावून बघा म्हणून मी सांगतो ते यासाठी. अशी डिस्क सापडली तर ती फॉरमॅट करू नका, विकू नका, आधी सुरू करणारा भाग आतल्या डिस्कवर बसवून घ्या. आणि नवं विंडोज किंवा लिनक्स टाकताना ज्या पेनड्राइव्हवरून टाकताय तो सोडून एकही डिस्क लावलेली ठेवू नका. पहिला रीस्टार्ट झाला की तो पेनड्राइव्हही यादीत खाली जायला हवा, नाहीतर मशीन परत पहिल्यापासून विचारायला लागतं.

दुकानात न्यायची वेळ आलीच तर

फक्त कॅबिनेट नेऊ नका. जी डिस्क लावल्यावर मशीन अडतं ती डिस्क, तिची स्वतःची केबल आणि ॲडॅप्टर असेल तर तोही बरोबर घ्या. डिस्क हरवायची भीती वाटते हे मला कळतं, म्हणून आधी कॉपी करा असं वर सांगितलं. पडद्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. दुकानात सांगताना 'कॉम्प्युटर बंद पडलाय' म्हणू नका. 'ही डिस्क लावली की लोगोवर अडकतो, काढली की सुरू होतो' असं सांगा. समोरचा लगेच फॉरमॅट म्हणाला तर त्याला तुमच्यासमोर एकदा डिस्क काढून आणि एकदा लावून मशीन सुरू करायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे. खानापूर ते बेळगाव बसच्या दोन फेऱ्यांपेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो.